सीट एक, सह्या दोन

रविवारची संध्याकाळ. रायपूरच्या चौबे कॉलनीतलं किंवा तात्यापाऱ्यातलं एखादं मराठी घर. कॉलेजात जाणारा नातू मोबाइल टीव्हीला जोडून फॉर्म्युला वनची शर्यत बघतोय. शेजारी चहाचा कप घेऊन बसलेले आजोबा चष्मा पुसतात आणि विचारतात, ‘‘अरे, हा परवापर्यंत निळ्या गाडीत होता ना? आज हिरव्या गाडीत कसा?’’

‘‘टीम बदलली त्याने, आजोबा.’’

‘‘अशी कशी बदलली? करार-बिरार काही असतो की नाही?’’

आजोबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. करार असतो. कधी कधी तर एकाच माणसाचे दोन असतात, आणि खरी भानगड तिथूनच सुरू होते!

संघ इकडून तिकडे जाणं रायपूरकरांना नवं नाही. २०१३ साली आयपीएलमधल्या दिल्लीच्या संघाने आपले दोन ‘घरचे’ सामने नव्या रायपूरच्या शहीद वीर नारायणसिंह स्टेडियममध्ये खेळले, तेव्हा दोन संध्याकाळींपुरतं रायपूर दिल्लीवालं झालं होतं. पण क्रिकेटमध्ये लिलाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. हातोडा पडला की विषय संपला. शिवाय एका संघात अकरा जणांना जागा. फॉर्म्युला वनमध्ये एका टीमच्या गाड्या दोनच. २०२५ पर्यंत टीम होत्या दहा, म्हणजे साऱ्या जगात मिळून वीस सीट. २०२६ साली कॅडिलॅक ही अकरावी टीम आली आणि हा आकडा बावीसवर गेला. मुंबईच्या लोकलमध्ये दोन बाकांच्या मधल्या जागेतसुद्धा याहून जास्त माणसं मावतात. या बावीस खुर्च्यांसाठी जगभरातली हजारो मुलं वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून गो-कार्ट पळवत असतात. तेव्हा खुर्ची मिळाली की ती कागदावर घट्ट बांधून घ्यायची, आणि दुसरीकडे त्याहून बरी दिसली की त्याच कागदात फट शोधायची, हे ओघानं आलंच.

अशा एका फटीची गोष्ट १९९१ सालची.

इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गाला लागून एका नव्या टीमचा कारखाना होता. मालक एडी जॉर्डन, आयर्लंडचे. टीमचं नावही जॉर्डन, आणि फॉर्म्युला वनमधलं तिचं ते पहिलंच वर्ष. ऑगस्टमध्ये टीमचा ड्रायव्हर बर्ट्रांड गाशो तुरुंगात गेला. लंडनमध्ये एका टॅक्सीवाल्याशी वाद झाला आणि याने त्याच्या तोंडावर अश्रुधुराचा फवारा मारला, म्हणून. बेल्जियमची शर्यत तोंडावर आलेली आणि गाडी रिकामी. तेव्हा मर्सिडीजने आपल्या स्पोर्ट्स कारच्या ताफ्यातला एक बावीस वर्षांचा जर्मन मुलगा पुढे केला आणि त्याच्या सीटचे पैसेही भरले. मुलाचे वडील गवंडीकाम करायचे, केर्पेन गावातल्या गो-कार्टच्या मैदानाची देखभाल बघायचे. आई तिथलं कॅन्टीन चालवायची. मुलाचं नाव मायकेल शूमाकर.

त्याला स्पाचा ट्रॅक पाठ आहे, असं त्याच्या मॅनेजरने जॉर्डनना सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो तिथे कधीच धावला नव्हता! पण पठ्ठ्याने सातव्या नंबरची वेळ काढली. शर्यतीत पहिल्याच फेरीत क्लच गेला, तरी जे दिसायचं ते सगळ्यांना दिसलं होतं. दोन आठवड्यांनी इटलीत मोंझाला तो उतरला तो जॉर्डनच्या नव्हे, बेनेटन टीमच्या गाडीतून.

हे झालं कसं? एडी जॉर्डन यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी. स्पाच्या आधी शूमाकरने एका पत्रावर सही केली होती. शर्यतीनंतर जॉर्डनशी ‘तो करार’ करीन, असं त्यात लिहिणं अपेक्षित होतं. सही करताना त्याच्या बाजूच्या लोकांनी एका शब्दात फेरफार केला आणि ‘तो करार’चं झालं ‘एखादा करार’. आता ‘तो’ म्हणजे ठरलेला, समोर असलेला. ‘एखादा’ म्हणजे कुठलाही, केव्हाही. एडी लंडनच्या कोर्टात गेले, पण मनाई हुकूम मिळाला नाही.

या धामधुमीत एका माणसाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. तो म्हणजे रॉबेर्तो मोरेनो, ब्राझीलचा. बेनेटनने ज्याला उठवून शूमाकरला बसवलं, तो. ज्या स्पाच्या शर्यतीत शूमाकरचा क्लच गेला, त्याच शर्यतीत मोरेनो चौथा आला होता आणि सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच होती. आणि बक्षीस काय? नारळ! त्याच्याकडे करार होता आणि त्याला इटलीच्या कोर्टाने साथही दिली. शेवटी कोमो सरोवराकाठच्या हॉटेलात रात्री उशिरापर्यंत घासाघीस झाली, पैसे देऊन त्याची समजूत काढली गेली आणि तो कुठे गेला? शूमाकरच्या रिकाम्या झालेल्या जॉर्डनच्या गाडीत. शूमाकर मोंझाला पाचवा आला. पुढे बेनेटनकडून त्याने १९९४ आणि १९९५ ची जगज्जेतेपदं मिळवली, आणि कारकीर्द संपेपर्यंत त्यांची संख्या सातवर नेली. मोरेनोचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही.

या प्रकरणाने सगळेच हादरले. आज जॉर्डनचा गेला, उद्या आपला जाईल! मग एक मंडळ नेमण्यात आलं. करारांना मान्यता देणारं मंडळ असंच त्याचं नाव. टीमने ड्रायव्हरशी करार केला की त्याची नोंद या मंडळाकडे गुपचूप करायची. एका ड्रायव्हरवर दोन टीमनी हक्क सांगितला, तर मंडळाचे वकील बसून दोन्ही कागद बघतात आणि कुठला चालेल ते सांगतात. निकाल लागायला वर्षं लागत नाहीत, दिवस लागतात. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात तिसरी पिढी तारखा घेताना पाहिलेल्या माणसाला हेवाच वाटावा!

जेन्सन बटनच्या बाबतीत तर मंडळाचा निकाल लागूनही गोष्ट संपली नाही. २००४ साली तो होता बीएआर या टीमकडे. ऑगस्टमध्ये विल्यम्स टीमने जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षी बटन आमचा. बीएआरने मंडळाकडे दाद मागितली आणि ऑक्टोबरमध्ये निकाल आला, बटनने आहे तिथेच राहायचं. पण २००६ साठी तो विल्यम्सशी बांधला गेला होता. दरम्यान विल्यम्सची बीएमडब्ल्यू इंजिनं जाणार असं ठरलं आणि बटनचं मन फिरलं. ज्या घरातून पळून जायचं होतं तेच घर आता गोड वाटू लागलं! अखेर विल्यम्सला मोठी रक्कम मोजून त्याने स्वतःलाच सोडवून घेतलं. त्याच टीमचे पुढे दोनदा मालक बदलले आणि २००९ साली ब्रॉन या नावाने उतरलेल्या तिच्या गाडीत बटन जगज्जेता झाला. तेव्हा दिलेले पैसे वाया गेले, असं कोण म्हणेल?

सिल्व्हरस्टोनजवळच्या त्या जॉर्डनच्या कारखान्याकडे पुन्हा जायला हवं, कारण तिथेच भारताचा संबंध येतो.

२००५ साली ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या गाडीतून उतरला. फॉर्म्युला वनमध्ये धावलेला पहिला भारतीय. पाठीशी टाटांसारखे पुरस्कर्ते होते. त्या जूनमध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला मिशेलिनच्या टायरची भानगड झाली, चौदा गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच आत गेल्या आणि उरलेल्या सहांत कार्तिकेयन चौथा आला. पाच गुण. लोकांनी नाकं मुरडली, पण नोंद ती नोंद. गंमत म्हणजे त्या वर्षी जॉर्डन टीम एडी जॉर्डन यांची राहिलीच नव्हती. ती मिडलँड नावाच्या कंपनीने विकत घेतली होती. पुढच्या वर्षी नावही बदललं आणि कार्तिकेयनची सीटही गेली. विल्यम्सकडे त्याला काम मिळालं ते चाचण्या घेणाऱ्या ड्रायव्हरचं. घरच्या भाषेत सांगायचं तर नाटकाच्या सगळ्या तालमींना हजर राहायचं आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभं राहायचं.

मिडलँडची झाली स्पायकर, आणि स्पायकरची २००८ साली झाली फोर्स इंडिया. विजय मल्ल्यांची. गाडीवर केशरी, पांढरा, हिरवा. वाटलं होतं, आता तरी आपला मुलगा आपल्या गाडीत दिसेल. २०१८ पर्यंत ही टीम धावली, २०१६ आणि २०१७ मध्ये तर तिने चौथा नंबर मिळवला. पण या साऱ्या वर्षांत एकाही शर्यतीला फोर्स इंडियाच्या गाडीत भारतीय ड्रायव्हर बसला नाही. टीमचा हिशेब सरळ होता. गुण आणून देणारा हवा, पासपोर्ट कुठलाही चालेल. धंदा म्हणून हे बरोबर असेलही. तरी रविवारी टीव्हीसमोर बसणाऱ्याला चुटपुट लागायची ती लागायचीच.

आपल्या मुलांना जागा मिळाली ती स्पेनच्या हिस्पानिया टीममध्ये, सगळ्यांत शेवटी धावणाऱ्या गाडीत. अशा टीमची दुखरी नस पैसा. जो ड्रायव्हर पुरस्कर्ता घेऊन येईल त्याला सीट, आणि वर्षाच्या मध्येच दुसरा कुणी जास्त घेऊन आला की पहिला खाली. चेन्नईचा करुण चांधोक २०१० साली तिथे दहा शर्यती धावला. जर्मनीच्या शर्यतीला त्याच्या गाडीत जपानचा साकोन यामामोटो बसलेला होता. २०११ मध्ये तीच पाळी कार्तिकेयनवर आली. आठ शर्यतींनंतर रेड बुलने आपला एक उमदा मुलगा त्या गाडीत बसवला. ऑस्ट्रेलियाचा डॅनियल रिकार्डो. हे नाव लक्षात ठेवायला हवं, त्याच्याही वाट्याला पुढे हेच येणार आहे.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाला भारताची पहिली ग्रां प्री झाली. त्या एका शर्यतीसाठी टीमने कार्तिकेयनला परत बोलावलं, कारण भारतात भारतीय ड्रायव्हर हवा हे तिकीट विकणाऱ्यालाही कळतं. तो सतरावा आला आणि अठरावा कोण? त्याची सीट घेणारा रिकार्डो! चांधोक तेव्हा लोटस टीमचा राखीव ड्रायव्हर होता. त्याला शुक्रवारच्या सरावात गाडी मिळाली, रविवारच्या शर्यतीत नाही. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर, हेल्मेट असून गाडी नाही.

मग कोर्टात का जात नाहीत? जातात की. हॉलंडचा गीडो व्हान डर गार्डे गेला. २०१५ च्या हंगामासाठी झाउबर या स्विस टीमने त्याच्याशी करार केला आणि नंतर दोन्ही सीट मार्कस एरिकसन आणि फेलिपे नासर या दुसऱ्याच दोघांना दिल्या. तेव्हा टीमच्या प्रमुख होत्या मोनिशा काल्टेनबोर्न. फॉर्म्युला वनच्या टीमची प्रमुख झालेली पहिली महिला, शिक्षणाने वकील, जन्म देहरादूनचा! लहानपणी आईवडिलांबरोबर ऑस्ट्रियाला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. वकिलीणबाईंच्याच टीममध्ये एक करार जास्त व्हावा, हा योगायोग म्हणावा की पैशाची तंगी? टीम अडचणीत होती आणि नव्या दोघांमागे पैसा होता, एवढं मात्र खरं.

व्हान डर गार्डेने आधी स्वित्झर्लंडमध्ये लवादाकडून निकाल मिळवला आणि मग हंगामाच्या पहिल्या शर्यतीच्या तोंडावर मेलबर्नच्या कोर्टातूनही. कोर्टाने सांगितलं, याला गाडी द्या. शुक्रवारी हा गडी गॅरेजमध्ये हजर. स्वतःचा पोशाख नव्हता म्हणून एरिकसनचा घालून उभा. पहिल्या सरावाला झाउबरच्या दोन्ही गाड्या जागच्या हलल्या नाहीत. कोर्ट हुकूम देऊ शकतं, पण त्याच्या मापाची सीट कोण बनवणार? मेकॅनिकने मनापासून चाक घट्ट केलंय ना, हे कोण बघणार? शनिवारी त्याने माघार घेतली, पुढे मोठी भरपाई घेऊन प्रकरण मिटलं. त्याच रविवारी नासर पाचवा आला आणि एरिकसन आठवा. व्हान डर गार्डे पुन्हा फॉर्म्युला वनची शर्यत धावला नाही. पैसे मिळाले, सीट गेली. सून कोर्टाच्या हुकमाने नांदायला येऊ शकते, पण पुढे घरात तिच्याशी बोलायचं कुणी, तसलाच हा प्रकार.

ड्रायव्हरने टीमला कोर्टात खेचल्याचं दुसरं मोठं उदाहरण तर थेट भारतीय टीमचं आहे. २०१८ च्या जुलैमध्ये फोर्स इंडियाची तिजोरी रिकामी झाली होती. मालक मल्ल्या भारतीय बँकांच्या थकबाकीच्या प्रकरणात ब्रिटनमध्येच अडकलेले. टीमचा मेक्सिकन ड्रायव्हर सर्जिओ पेरेझ याचं येणं थकलं होतं. त्याने लंडनच्या कोर्टात अर्ज केला आणि हंगेरीच्या शर्यतीच्या आठवड्यात टीमचा कारभार कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांच्या हातात गेला. आपल्याच टीमच्या मुळावर उठला, असं काहींना वाटलं. पेरेझचं म्हणणं वेगळं होतं. टीम बंद पडून चारशे माणसं घरी बसण्यापेक्षा नवा मालक येण्याचा रस्ता मोकळा व्हावा, म्हणून हे केलं आणि तसं करायला टीममधल्या लोकांनीच सांगितलं. झालंही तसंच. कॅनडाचे लॉरेन्स स्ट्रोल आणि त्यांचे भागीदार आले, नोकऱ्या वाचल्या, टीमचं नाव रेसिंग पॉइंट झालं.

ज्याने टीम वाचवली त्याचं पुढे काय झालं? २०१९ साली पेरेझने तीन वर्षांचा करार केला होता, २०२२ पर्यंतचा. २०२० च्या सप्टेंबरात त्याला सांगण्यात आलं की या वर्षाअखेरीस निघ. त्याच्या जागी फेरारीने सोडलेला सेबास्टियन वेटेल येणार होता. दुसऱ्या सीटवर मालकाचा मुलगा लान्स बसलेला, म्हणजे ती सीट हलण्याचा प्रश्नच नव्हता. दुकान मालकाचं, गल्ल्यावर मुलगा बसणारच!

यानंतरचा एक दिवस मात्र सगळ्या शौकिनांनी जपून ठेवावा असा आहे. ६ डिसेंबर २०२०, बहारीनमधला सखीरचा ट्रॅक. आधी फॉर्म्युला टू ची शर्यत झाली. ती जिंकली मुंबईच्या जेहान दारूवालाने. बावीस वर्षांचा पारशी मुलगा, फॉर्म्युला टू ची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. २०११ साली फोर्स इंडियाने भारतभर होतकरू मुलांचा शोध घेतला होता, त्यात निवडलेल्यांपैकी हा एक. त्याच दिवशी फॉर्म्युला टू चं विजेतेपद मिळालं मिक शूमाकरला, म्हणजे मायकेलच्या मुलाला. आणि रात्री दिव्यांच्या उजेडात मुख्य शर्यत. पहिल्या फेरीत धक्का लागून पेरेझ पार शेवटी फेकला गेला आणि तिथून एकेकाला मागे टाकत जिंकला. नारळ मिळालेला माणूस, सिल्व्हरस्टोनच्या त्याच कारखान्याची गाडी. जॉर्डनच्या काळानंतर या टीमला मिळालेला हा पहिलाच विजय. बारा दिवसांनी रेड बुलने पेरेझला बोलावून घेतलं. तिथे चार वर्षं काढल्यावर, करार २०२६ पर्यंत असूनही, २०२४ च्या अखेरीस त्यांनीही त्याला मोकळं केलं. २०२६ साली कॅडिलॅकने आपल्या दोन नव्या सीटपैकी एक त्यालाच दिली.

रेसिंग पॉइंट २०२१ पासून ॲस्टन मार्टिन झाली. गाडी हिरवी. आजोबांची हिरवी गाडी ती हीच.

२८ जुलै २०२२. वेटेलने निवृत्ती जाहीर केली. चारच दिवसांनी, १ ऑगस्टला, ॲस्टन मार्टिनने सांगितलं की त्याच्या जागी फर्नांडो अलोन्सो येणार. अलोन्सो होता निळ्या गाडीच्या अल्पाइन टीमकडे. त्याला आणखी किती वर्षांचा करार द्यायचा यावर घोळ चालला होता, तेवढ्यात पक्षी उडाला. अल्पाइनवाले म्हणाले, बिघडलं कुठे? आपल्याकडे घरचा मुलगा तयार आहे! ऑस्ट्रेलियाचा ऑस्कर पियास्त्री, एकवीस वर्षांचा, २०२१ चा फॉर्म्युला टू विजेता, अल्पाइनचाच राखीव ड्रायव्हर. २ ऑगस्टला त्यांनी त्याचं नाव जाहीर केलं. दोनेक तासांत पियास्त्रीने स्वतः जगाला कळवलं की त्याने २०२३ साठी अल्पाइनशी करारच केलेला नाही आणि तो त्यांच्यासाठी धावणार नाही. लग्नपत्रिका छापून वाटल्या आणि नवरा म्हणतो, मला कुणी विचारलंच नाही!

प्रकरण मंडळाकडे गेलं. अल्पाइनने या मुलावर पैसा ओतला होता, गाड्या देऊन तयार केला होता, हे सगळं खरं. पण मंडळ उपकार मोजत नाही, कागद मोजतं. अल्पाइनच्या हातात होता नोव्हेंबर २०२१ मधला अटींचा कच्चा कागद. त्यावरून पक्का करार करून घ्यायचा होता, तो झालाच नाही. मॅक्लारेन टीमच्या हातात होता पियास्त्रीच्या सहीचा करार, तारीख ४ जुलै २०२२. २ सप्टेंबरला मंडळाने एकमताने सांगितलं, चालेल तो मॅक्लारेनचाच.

आता जुनी वंशावळ काढली तर मजा येते. अल्पाइन ही टीम म्हणजे नावं बदलत आलेली कोण? बेनेटन! १९९१ साली ‘तो’ आणि ‘एखादा’ यांच्या फटीतून शूमाकरला उचलून नेणारी बेनेटन. आणि अलोन्सोला नेऊन तिला तोंडघशी पाडणारी ॲस्टन मार्टिन म्हणजे कोण? जॉर्डन! एकतीस वर्षांत मालक बदलले, रंग बदलले, माणसं बदलली. दोघींपैकी कुणाला तो जुना हिशेब आठवत होता असं नाही. पण कागद कच्चा ठेवल्याचा फटका या वेळी बेनेटनच्या वारसांना बसला.

मॅक्लारेनमध्ये पियास्त्रीसाठी जागा कुणी केली? रिकार्डोने. कार्तिकेयनच्या गाडीत बसून ज्याची कारकीर्द सुरू झाली, तोच. त्याचा करार २०२३ पर्यंत होता. टीमने वर्ष शिल्लक असताना परस्परसंमतीने तो संपवला. परस्परसंमती हा शब्द छान आहे, फक्त त्यात संमती कुणाची आधी आणि पैसे किती, ते लिहिलेलं नसतं.

आणि अल्पाइनची जागा रिकामीच राहिली होती. ती भरायला त्यांनी रेड बुलच्या धाकट्या टीममधून, अल्फाटावरीमधून, पिएर गॅस्लीला आणलं. त्यामुळे अल्फाटावरीत एक सीट मोकळी झाली. आणि रेड बुलच्या शिकाऊ मुलांच्या यादीत २०२० पासून कोण होता? जेहान दारूवाला. २०२२ च्या जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला त्याने मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडीही चालवून पाहिली होती. वेटेलच्या निवृत्तीने सुरू झालेली खुर्च्यांची सरकासरकी हलत हलत थेट मुंबईच्या मुलाच्या दारापर्यंत येऊन थांबली.

दार उघडलं नाही. रेड बुलला आधी अमेरिकेचा कोल्टन हर्टा हवा होता, त्याच्याकडे परवान्यासाठी लागणारे गुण भरले नाहीत. मग त्यांनी घेतला हॉलंडचा निक डी व्रीज, जो त्यांच्या शिकाऊ यादीतला नव्हताच. मोंझाला विल्यम्सकडून आजारी ड्रायव्हरच्या बदली उतरून तो नववा आला होता, ती एक शर्यत त्याला पुरली. या डी व्रीजच्या मागेही एक कागद होताच. फॉर्म्युला टू च्या एका हंगामाला काही कोटी रुपये लागतात. त्यासाठी २०१८ साली त्याने एका कंपनीकडून अडीच लाख युरो कर्ज घेतलं होतं आणि अटींमध्ये फॉर्म्युला वनमधल्या कमाईचा निम्मा वाटा लिहून दिला होता. सीट जवळ येताच तो वाद ॲमस्टरडॅमच्या कोर्टात उभा राहिला. एवढं करून सीट टिकली किती? दहा शर्यती. २०२३ च्या जुलैमध्ये त्याला उतरवून त्या गाडीत रिकार्डोला बसवलं, आणि २०२४ साली सिंगापूरच्या शर्यतीनंतर रिकार्डोलाही उतरवलं.

दारूवालाचं रेड बुलशी नातं २०२२ च्या अखेरीस संपलं. घर उद्योजकाचं, पाठीशी भक्कम पुरस्कर्ते, आणि तरीही शेवटचं दार बंद. मग साध्या नोकरदाराच्या मुलाने काय करायचं, हा प्रश्न उरतोच. पण जेहान बसून राहिला नाही. आणखी एक वर्ष फॉर्म्युला टू धावला आणि २०२४ साठी त्याला मासेराटीच्या फॉर्म्युला ई टीममध्ये, विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या जागतिक स्पर्धेत, पूर्ण हंगामाची सीट मिळाली. त्या वेळापत्रकात १० फेब्रुवारीला हैदराबादची शर्यत होती, हुसेनसागरच्या काठावर. आदल्या वर्षी तिथेच मोठ्या थाटात पहिली शर्यत झाली होती. रायपूरहून हैदराबाद काही फार लांब नाही. घरच्या प्रेक्षकांसमोर, घरचा मुलगा, जागतिक स्पर्धेत!

डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात सरकार बदललं. जानेवारीत, हंगाम सुरू व्हायला आठवडा उरला असताना, आयोजकांनी हैदराबादची शर्यत रद्द झाल्याचं जाहीर केलं. राज्याच्या नगरविकास खात्याने यजमानपदाचा करार मोडला, असं त्यांचं म्हणणं होतं. सही आधीच्या सरकारच्या काळातली होती. जेहान त्या वर्षी मेक्सिकोपासून लंडनपर्यंत बाकी सगळीकडे धावला, आणि हंगाम संपल्यावर टीमने पुढच्या वर्षासाठी दोन नवे ड्रायव्हर घेतले.